देवयानी दीर्घिका आकाशात खरंच चंद्राच्या सहापट मोठी दिसते का?

दर वर्षी पावसाळा संपत आला की एक फोटो इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरायला लागतो. खाली काळे डोंगर, एका कोपऱ्यात छोटासा चंद्र आणि त्याच्या शेजारी तिरकी पसरलेली भलीमोठी जांभळट चकती. वर लिहिलेलं असतं, "अँड्रोमिडा दीर्घिका थोडी जास्त तेजस्वी असती तर रात्री अशी दिसली असती!" यंदा हा फोटो मला माझ्या मामेभावाने पाठवला. तो अकरावीत आहे. सोबत एका ऑनलाइन दुर्बिणीची लिंक आणि प्रश्न: "दादा, हिच्यातून असं दिसेल ना? पाच हजार साठवलेत."

पाच हजार रुपयांचा प्रश्न असल्यामुळे उत्तर जरा तपशिलात द्यावं लागलं. तेच इथे मांडतोय. थोडक्यात हवं असेल तर एवढंच, की त्या फोटोतलं आकाराचं प्रमाण खरं आहे, फोटो मात्र खरा नाही. आणि या दोन गोष्टी एकाच वेळी कशा शक्य आहेत हे समजलं की दुर्बीण, फोनचा कॅमेरा आणि आपले डोळे यांच्याबद्दलचं बरंच काही आपोआप उलगडतं.

आधी नावं स्पष्ट करून घेऊ. आपण राहतो ती आकाशगंगा. तिच्यासारखे अब्जावधी ताऱ्यांचे जे इतर समूह आहेत त्यांना मराठीत दीर्घिका म्हणतात. अँड्रोमिडा तारकासमूहाचं आपल्याकडचं नाव देवयानी, म्हणून ही देवयानी दीर्घिका. तिच्या शेजारी शर्मिष्ठा आहे आणि जवळच ययाती. गोष्टीत या तिघांचं काय झालं ते तुम्हाला माहीत असेलच, आकाशात मात्र तिघं शांतपणे शेजारी शेजारी राहतात. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत या दीर्घिकेचा क्रमांक एम ३१.

आकाशातला आकार सेंटिमीटरमध्ये नसतो

"चंद्र केवढा दिसतो?" असं विचारलं तर कुणी ताटाएवढा म्हणतं, कुणी पुरीएवढा. दोन्ही उत्तरांना अर्थ नाही, कारण ताट किती लांब धरलंय ते कुणी सांगत नाही. म्हणून आकाशात आकार अंशांत मोजतात. क्षितिजापासून थेट डोक्यावरच्या बिंदूपर्यंत ९० अंश. हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा. करंगळीची रुंदी साधारण १ अंश आणि मिटलेली मूठ साधारण १० अंश. लहान मुलाचा हात लहान असतो, पण लांबीलाही कमीच असतो, त्यामुळे हा हिशोब जवळपास सगळ्यांना लागू पडतो.

आता चंद्र. तो फक्त अर्धा अंश आहे. म्हणजे लांब धरलेल्या करंगळीमागे पूर्ण चंद्र लपतो आणि वर तेवढीच जागा उरते. हातभर अंतरावर धरलेला तूरडाळीचा एक दाणा, बस, एवढाच. विश्वास बसत नसेल तर पुढच्या पौर्णिमेला करून बघा. क्षितिजावर उगवतानाचा तो अवाढव्य चंद्रसुद्धा करंगळीमागे तसाच लपतो, मोठा वाटतो तो आपल्या मेंदूमुळे.

देवयानी दीर्घिका लांबीला ३ अंशांहून थोडी जास्त आणि रुंदीला सुमारे १ अंश आहे. म्हणजे एका ओळीत सहा चंद्र ठेवले तर तिची लांबी होते, आणि क्षेत्रफळ काढलं तर ती साधारण बारा चंद्रांएवढी जागा व्यापते. डाळीच्या दाण्याशेजारी एक खारीक ठेवल्यासारखं. तेव्हा व्हायरल फोटोमध्ये चंद्र आणि दीर्घिका यांचं प्रमाण एकास सहा असेल, तर त्या बाबतीत फोटो बरोबर आहे. ज्या फोटोत ती अर्धं आकाश व्यापते तो सरळ डिलीट करा.

हा कोन मोजणं सोपं असतं. अवघड असतं ते अंतर. आणि अंतर कळल्याशिवाय ती वस्तू खरी किती मोठी आहे ते कळत नाही. इसवी सन ९६४ मध्ये पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल सूफी यांनी या ठिपक्याची नोंद एक छोटा ढग अशी केली होती. पुढे जवळपास हजार वर्षं हा ढग आपल्याच आकाशगंगेतला आहे की बाहेरचा, हे ठरत नव्हतं. १९२३ मध्ये एडविन हबल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीने घेतलेल्या फोटोमध्ये या ढगात एक खास तारा सापडला. ठरावीक लयीत कमी-जास्त चमकणारा, ज्याला सेफिड म्हणतात. अशा ताऱ्यांची लय आणि त्यांचं खरं तेज यांचं नातं हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्येच दाखवून दिलं होतं. खरं तेज कळलं, दिसणारं तेज समोर आहे, मग अंतर काढता येतं. हबल यांचं उत्तर आलं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. पुढे १९५० च्या दशकात हे मोजमाप सुधारलं आणि आज आपण सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं म्हणतो. पण ९ लाखही पुरेसे होते, कारण तेवढ्यानेच तो ढग आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेर गेला.

तुम्हालाही खरा आकार काढता येईल, कॅल्क्युलेटर ॲपवर. अंतराला ५७ ने भागा, म्हणजे त्या अंतरावर १ अंश म्हणजे किती ते कळतं. २५ लाख भागिले ५७, सुमारे ४४ हजार. त्याला ३.२ अंशांनी गुणलं की १ लाख ४० हजार प्रकाशवर्षं. हीच रीत चंद्राला लावा: ३,८४,००० किलोमीटर भागिले ५७, गुणिले ०.५२. उत्तर साडेतीन हजार किलोमीटर येतं आणि चंद्राचा व्यास खरोखरच ३,४७४ किलोमीटर आहे. एक साधा भागाकार चंद्रालाही चालतो आणि दीर्घिकेलाही, हे मला अजूनही भारी वाटतं.

मग दिसत का नाही?

इथे खरी मेख आहे. देवयानी दीर्घिकेची प्रत ३.४ आहे, म्हणजे तिचा सगळा प्रकाश एका बिंदूत गोळा केला तर एक मध्यम तेजाचा तारा होईल, शहरातूनही कसाबसा दिसेल असा. पौर्णिमेचा चंद्र त्याच्या सुमारे २७ लाख पट तेजस्वी. शिवाय दीर्घिकेने तो जरासा प्रकाश बारा चंद्रांएवढ्या जागेत पसरवलाय. एका भाकरीवर लोण्याचा गोळा आणि दुसरीकडे बारा भाकऱ्यांना मिळून लोण्याचा एक कण, असा प्रकार. दोघांचा तेवढाच तुकडा शेजारी ठेवून पाहिला तर चंद्राचा तुकडा सरासरी ३ कोटी पटींहून जास्त उजळ निघतो.

आणि ती ज्या पडद्यावर पसरलीय तो पडदा तरी काळा कुठे आहे? मोठ्या शहराच्या मध्यभागी आकाशाची स्वतःची चमक दीर्घिकेच्या सरासरी चमकेच्या सुमारे चाळीसपट किंवा त्याहून जास्त असते. डीजे चालू असताना शेजारच्याने कानात कुजबुजावं तसं. गंमत म्हणजे जगातल्या अतिशय काळोख्या जागी गेलात तरी आकाशाची नैसर्गिक चमक आणि देवयानीच्या चकतीची सरासरी चमक जवळपास सारखीच भरते. म्हणूनच उघड्या डोळ्यांना दिसतो तो मुख्यतः तिचा मधला दाट, उजळ गाभा: एक धुरकट, लांबट ठिपका, चंद्राएवढा किंवा थोडा मोठा. उत्तम अंधार आणि सरावलेले डोळे असतील तर तो दोन्ही बाजूंना आणखी लांबत जातो. जांभळा रंग दिसत नाही. अंधारात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना रंग कळतच नाहीत.

आता व्हायरल वाक्य पुन्हा वाचा: "थोडी जास्त तेजस्वी असती तर." थोडी नाही हो, लाखो पट! तो फोटो म्हणजे दोन वेगवेगळे फोटो एकावर एक ठेवलेले असतात. चंद्राचा सेकंदाच्या छोट्याशा अंशात घेतलेला आणि दीर्घिकेचा कित्येक तास प्रकाश साठवून घेतलेला. आकारमान समजावून सांगायला हे उत्तम चित्र आहे, आणि मूळ बनवणारे लोक तसं लिहितातही. फॉरवर्ड होता होता ती ओळ गळून पडते.

खोटा फोटो ओळखायची एक पक्की खूणही सांगतो. चंद्र आकाशात ठरावीक पट्ट्यातच फिरतो आणि देवयानी दीर्घिका त्या पट्ट्याच्या खूप उत्तरेला आहे. चंद्र तिच्या जास्तीत जास्त जवळ आला तरी दोघांत सुमारे २८ अंश, म्हणजे जवळपास तीन मुठींचं अंतर राहतं. त्यामुळे चंद्र आणि ती शेजारी शेजारी असलेला कुठलाही फोटो जोडलेलाच असणार. यासाठी एआय डिटेक्टर लागत नाही.

दुर्बिणीने उजळ होईल का?

नाही. मामेभावाला पटवायला सगळ्यात जास्त वेळ याच मुद्द्यावर गेला.

पसरट वस्तूचा एक नियम आहे. भिंतीच्या जवळ गेलं की भिंत मोठी दिसते, पण उजळ होत नाही. देवयानीच्या अर्ध्या अंतरावर जाऊन उभे राहिलात तर तिच्याकडून येणारा प्रकाश चौपट होईल, पण ती जागाही चौपट व्यापेल. प्रत्येक तुकडा तेवढाच फिका. अगदी आत जाऊन बसलात तरी तेच, आणि याचा पुरावा आपल्याकडे आहे: आपण आकाशगंगेच्या आत राहतो आणि तरीही ती गावाकडे अंधारात फिकट पट्टा म्हणूनच दिसते. दुर्बीणही डोळ्यासाठी हेच करते. मोठं करते, ताऱ्यांना उजळ करते, पण पसरट चमकेला उघड्या डोळ्यापेक्षा जास्त उजळ करू शकत नाही.

त्यातून त्या लिंकमधल्या खोक्यावर ठळक लिहिलं होतं "६७५ पट". ६० मिलिमीटरच्या भिंगाला उपयोगी पडेल असं वर्धन फार तर १२० पट असतं. त्यापुढे फक्त धूसरपणा मोठा होतो. आणि ५० पट वर्धनालाच बहुतेक दुर्बिणींत १ अंशाच्या आसपासचंच आकाश मावतं. सहा चंद्रांएवढी वस्तू त्यात बसणार कशी? गावातल्या जत्रेकडे कुलपाच्या भोकातून बघितल्यासारखं होईल. देवयानीसाठी ७x५० किंवा १०x५० चं साधं बायनॉक्युलर कितीतरी बरं. त्यात ६-७ अंशांचं आकाश दिसतं आणि अख्खी दीर्घिका तिच्या आजूबाजूच्या काळोखासकट समोर येते. तिला काळोखासकट पाहिलं की ती उठून दिसते. मामेभावाला बायनॉक्युलर घे म्हटल्यावर त्याचा चेहरा थोडा पडला, कारण बायनॉक्युलर "दिसायला" दुर्बिणीसारखं नसतं!

हीच अडचण अब्जावधी डॉलरच्या हबल दुर्बिणीलाही आहे. तिच्या मुख्य कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये पूर्ण चंद्रसुद्धा मावत नाही. म्हणून देवयानीचं मोठं चित्र बनवताना ६०० हून जास्त भाग वेगवेगळे टिपून जोडावे लागले, काम दहा वर्षांहून जास्त चाललं आणि जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण चित्र प्रसिद्ध झालं. किमान २५० कोटी पिक्सेल, सुटे सुटे ओळखता येणारे २० कोटींहून जास्त तारे. फोनमधलं पॅनोरामा फीचर, फक्त दहा वर्षं हात न हलवता.

तिची कड नक्की कुठे आहे?

३ अंश हा आकडाही दगडावरची रेघ नाही. दीर्घिकेला चंद्रासारखी धारदार कड नसते, ती बाहेरच्या बाजूला विरत जाते. कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर ही थ्रेशोल्ड व्हॅल्यू आहे: चमक अमुक पातळीच्या खाली गेली की तिथे कड मानायची, असं खगोलशास्त्रज्ञांनी आपसांत ठरवलंय. पातळी बदला, आकार बदलेल.

तिच्याभोवती वायूचं एक विरळ प्रभामंडळही आहे. त्याच्या पार मागे असलेल्या ४३ क्वेसारांचा प्रकाश त्यातून येताना कसा शोषला जातो, हे हबलने तपासलं आणि २०२० मध्ये निष्कर्ष आला की हे मंडळ दीर्घिकेपासून सुमारे १३ लाख प्रकाशवर्षं, काही दिशांना त्याहूनही लांब पसरलंय. ते डोळ्यांना दिसत असतं तर सप्तर्षींच्या रुंदीच्या तिप्पट जागा व्यापली असती. तेव्हा "अर्धं आकाश" म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत, फक्त त्यांनी भलत्याच गोष्टीचा फोटो लावलाय.

अजून एक गंमत. ही चकती आपल्याला बरीच तिरकी दिसते, जवळजवळ कडेवरून. त्यामुळे तिची आपल्याकडची कड आणि पलीकडची कड यांच्या अंतरात लाखाहून जास्त प्रकाशवर्षांचा फरक आहे. एकाच फोटोतल्या दोन टोकांच्या टाइमस्टॅम्पमध्ये लाखाहून जास्त वर्षांचा फरक! फोनच्या रोलिंग शटरला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ती आपल्याकडे येतेय हेही खरं आहे, सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने. मग मोठी होत जात असेल? होतेय. हिशोब केला तर १ टक्का मोठी दिसायला तिला साडेसहा-सात कोटी वर्षं लागतात. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ लाव्हा म्हणून वाहत होता तेव्हापासून आजपर्यंत देवयानी जेमतेम १ टक्का वाढली. आपल्या आकाशगंगेशी तिची टक्कर ठरलेलीच आहे असं बरीच वर्षं सांगितलं जायचं, पण २०२५ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने पुढच्या १,००० कोटी वर्षांत ती होण्याची शक्यता जवळपास निम्मीच ठरवली.

फोनने फोटो येतो का?

येतो, आणि बऱ्यापैकी येतो. आधी अपेक्षा ठरवू. फोनचा मुख्य कॅमेरा ६५ ते ७० अंशांचं दृश्य साधारण ४,००० पिक्सेलमध्ये बसवतो, म्हणजे १ अंशाला ५०-६० पिक्सेल. चंद्राच्या वाट्याला येतात २५-३० पिक्सेल, म्हणून तुमच्या फोटोत तो नेहमी पांढरा ठिपका असतो. देवयानीची पूर्ण लांबी मात्र १५० पिक्सेलच्या वर जाते. ती छोटी असल्यामुळे हुकत नाही, फिकी असल्यामुळे हुकते.

फिक्या गोष्टीवर उपाय म्हणजे जास्त वेळ प्रकाश साठवणं. पण पृथ्वी फिरते, आणि पाच-सहा सेकंदांतच तारा एक पिक्सेल सरकतो. म्हणून एक लांब फोटो घेण्यापेक्षा अनेक छोटे घेऊन ते एकमेकांवर बरोबर बसवतात. प्रकाश फ्रेमच्या संख्येने वाढतो, नॉइज मात्र तिच्या वर्गमुळानेच. १६ फ्रेम घेतल्या की चित्र चौपट स्वच्छ. २०१९ च्या पिक्सेल ४ मध्ये आलेला ॲस्ट्रोफोटोग्राफी मोड हेच करतो: १६ सेकंदांपर्यंतच्या १५ फ्रेम, एकूण ४ मिनिटं. तुमच्या फोनमध्ये असा मोड नसेल तर प्रो मोडमध्ये आयएसओ १६०० ते ३२००, शटर १० सेकंद, फोकस अनंतावर, ३ सेकंदांचा टायमर, आणि फोन ट्रायपॉडवर किंवा दोन विटांच्या मध्ये घट्ट. अशा ३० फ्रेम घेऊन लॅपटॉपवर सिक्वेटर किंवा डीपस्कायस्टॅकर या फुकट सॉफ्टवेअरने जोडा. फोनमधला "सीन एन्हान्सर" वगैरे बंद ठेवा. जे सेन्सरने पाहिलं नाही ते त्याने रंगवून दिलं, तर तुम्ही पुन्हा व्हायरल फोटोपाशीच आलात.

कधी आणि कुठे बघायची

महाराष्ट्र-गोव्यातून ती खूप छान उंचीवर येते. पुण्याहून पाहिली तर उत्तरेकडे तोंड करून जवळपास ६७ अंश वर. नोव्हेंबरच्या मध्यात रात्री साडेनऊ-पावणेदहाला ती सर्वांत उंच असते, डिसेंबरच्या मध्यात पावणेआठलाच. कोजागरीला तिच्या नादी लागू नका, त्या रात्री मसाला दूध आणि चंद्रच बरा. लक्ष्मीपूजनाला अमावस्या असते खरी, पण फटाक्यांचा धूर आणि रोषणाई यांतून काही दिसत नाही. त्यानंतरची कार्तिकातली अमावस्या सर्वांत चांगली: पाऊस संपलेला, हवा स्वच्छ, धुकं अजून यायचंय. जागेचं म्हणाल तर जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, पण तेवढं लांब जायलाच हवं असं नाही. मोठ्या शहरापासून ५०-६० किलोमीटर दूर, जिथे समोर हायवेचा धाबा नाही, अशी जागा चालते.

शोधायची अशी. डोक्याजवळ चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, प्रत्येक बाजू दीड मुठीची. हा पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा चौकोन. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून बाहेरच्या दिशेने देवयानीच्या ताऱ्यांची रांग निघते. त्या रांगेत दुसरा ठळक तारा मिराक. तिथून शर्मिष्ठेच्या एम अक्षराकडे वळा. आधी एक फिका तारा, मग आणखी एक फिका तारा, आणि त्याला चिकटूनच तो धुरकट ठिपका. स्टेलॅरियम ॲपवर घरीच एकदा सराव करून जा.

तिथे पोचल्यावर किमान वीस मिनिटं फोन खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एक नोटिफिकेशन ते सगळं पाण्यात घालवतं. ठिपक्याकडे थेट बघू नका, किंचित बाजूला बघा. अंधारात चांगलं पाहणाऱ्या पेशी नजरेच्या केंद्रात नसतात, कडेला असतात. बायनॉक्युलर असेल तर आता लावा, आणि कोपरं गाडीच्या टपावर टेकवा, म्हणजे हात हलणार नाहीत. मधला गाभा लगेच दिसेल. मग नजर सावकाश त्याच्या दोन्ही बाजूंना सरकवा आणि कुठपर्यंत उजेड जाणवतो ते बघा. त्या दोन टोकांत किती करंगळ्या बसतात, ते मोजून कमेंटमध्ये जागेच्या नावासकट लिहा. माझ्या यादीतला सर्वांत चांगला आकडा आत्तापर्यंत दोन आहे.